धावा, पण गुडघ्याला विचारून!

मॅरेथॉन हा शब्द आपण भलताच स्वस्त करून टाकलाय. स्वच्छतेसाठी मॅरेथॉन, मतदानासाठी मॅरेथॉन, आणि अंतर किती? तर ३ किलोमीटर! टी-शर्ट, केळं, सेल्फी, संपला विषय. खरी फुल मॅरेथॉन असते ४२.१९५ किलोमीटरची. सध्या माझा मुक्काम हिंगोलीत आहे, तर इथल्या हिशेबात सांगते. शहरातून निघून पळत औंढा नागनाथ गाठायचं आणि तिथून मागे वळून निम्म्याहून जास्त रस्ता पुन्हा पळायचा.

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते. माझी पहिलीच फुल. आणि तयारीच्या अकराव्या आठवड्यात माझ्या उजव्या गुडघ्याने संप पुकारला.

दुखणंही मोठं चमत्कारिक. पहिले पाच किलोमीटर एकदम मक्खन. सहाव्यात गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुई टोचायला लागते आणि सातव्यात पाऊल टाकवत नाही. चालायला लागलं की पाच मिनिटांत गायब! घरच्यांना वाटतं, नाटकं. जिना उतरताना मात्र खरं काय ते कळतं.

फिजिओथेरपिस्टने नाव सांगितलं : आयटी बँड सिंड्रोम. कमरेच्या बाजूपासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखालपर्यंत एक जाड पट्टा उतरतो. पळताना गुडघा साधारण ३० अंशांत वाकला की हा पट्टा तिथल्या हाडावर दाबला जातो. एकदा झालं तर ठीक. पण एका किलोमीटरला हजारेक पावलं पडतात, म्हणजे प्रत्येक पायाची पाचशे. करा हिशेब!

यात रस्त्याचाही वाटा आहे. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून उजव्या कडेने पळायचं, हा सेफ्टीचा पहिला धडा. पण पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता केलेला असतो. म्हणजे उजवा पाय सतत खालच्या पातळीवर. आणि सोयाबीनच्या ट्रॉल्या आणि एसटीच्या रस्त्यावर मधोमध पळण्याची चैन कोण करणार?

इलाज एकदम बोअर आहे. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा, पंधरा-पंधराचे तीन सेट. कारण दुखतो गुडघा, पण कमजोर असतात कमरेचे स्नायू. पावलं छोटी आणि जरा भरभर टाकायची. दुखणं सुरू होण्याच्या अलीकडेच थांबायचं. आणि रस्ता सोडून मैदान धरायचं, तेही फेऱ्यांची दिशा बदलत.

मैदानावर पहाटे पाचला गर्दी असते ती भरतीच्या पोरापोरींची. पहिल्याच दिवशी प्रश्न आला, ‘‘ताई, कोणत्या भरतीची तयारी करायलात?’’ पोलिस भरतीत मुलांना १६०० मीटर असतं, मुलींना ८०० मीटर. राज्य राखीव पोलिस दलासाठी ५ किलोमीटर, आणि या दलाचा १२ वा गट तर हिंगोलीतच आहे. मी हौसेसाठी ४२ किलोमीटर पळणार, हे ऐकून सगळे माझ्याकडे सहानुभूतीने बघायला लागले.

त्यातली एक मुलगी नडगीला ओढणी घट्ट बांधून पळत होती. गोळी घेऊन आलेली. मी म्हटलं, अगं, चार दिवस थांब की. ती म्हणाली, ‘‘ताई, तुमची मॅरेथॉन दर वर्षी असते. आमच्या भरतीचं काय खरं!’’

काय उत्तर देणार? माझा गुडघा बसला तर एक मेडल जाईल. तिची नडगी बसली तर कदाचित नोकरी. पण म्हणूनच तिला थांबायची गरज माझ्यापेक्षा जास्त आहे. नडगीचं दुखणं दोन प्रकारचं असतं. लांबवर पसरलेलं, अंग गरम झालं की कमी होणारं, ते बहुधा स्नायूंच्या ताणाचं. एका बोटाने दाखवता येईल इतकं नेमकं, पळताना वाढत जाणारं, रात्रीही ठणकणारं असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. पहिले काही आठवडे तो एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही. गोळीने फक्त निरोप बंद होतो, तडा नाही. शिवाय घामाने शरीर कोरडं पडलेलं असताना वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडालाही जड जातात. हे सगळं मी तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती आली, पण नुसते गोळाफेकीचे हात करायला. मला जाम बरं वाटलं.

शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी याच जिल्ह्यातून, सेनगाव, औंढा करत जाते. शेकडो किलोमीटर चालणारी ती माणसं रोज ठरल्या ठिकाणी मुक्काम करतात. मुक्कामामुळे वारी मोडली असं कुणी म्हणत नाही. मुक्काम धरूनच वारी होते. आपण शहरी मंडळी मात्र ‘रेस्ट डे’ लिहिलेल्या रकान्याकडे बघून गिल्ट घेत बसतो. खरं तर सरावाने शरीर झिजतं आणि बळकट होतं ते विश्रांतीतच.

मुंबईत पेडर रोडच्या चढाची सगळ्यांनाच धास्ती असते, कारण परतीच्या वाटेवर पाय संपलेले असताना तो येतो. मला धास्ती आहे ती पलीकडच्या उताराची. आयटी बँड उतारावरच जास्त बोलतो! म्हणून हिशेब साधा ठेवलाय. १५ डिसेंबरपर्यंत न दुखता सलग २५ किलोमीटर झाले, तर मुंबई. नाही झाले, तर त्या रविवारी घरी बसून टीव्हीवर रेस बघायची. कुशीवर झोपून, पाय वर-खाली करत.