गावच्या खानावळी
वाढदिवसाला वा मुलांच्या निकालाला सहकुटुंब हॉटेलात जाण्याची प्रथा गोव्यात आता रुळली आहे. तीत गैर काही नाही. गृहिणीला तेवढीच चुलीपासून विश्रांती! प्रश्न आहे तो निवडीचा. झगमगाटाला भुलून कुठेही मिळणाऱ्या पनीरच्या भाजीवर पैसे उधळायचे, की तिरफळे घातलेले बांगड्याचे हुमण, खतखते नि सोलकढी रांधणारी गावची खानावळ गाठायची? पर्यटक हंगामापुरता, पावसाळ्यात या खानावळींची चूल पेटती राहते ती आपल्याच गिऱ्हाइकीवर. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात जो मालक ‘आज इसवण नाही’ असे तोंडावर सांगतो, तो विश्वासाचा समजावा. मात्र गावचा म्हणून त्याची अस्वच्छता खपवून घेण्याचे कारण नाही. हात धुण्याची स्वच्छ जागा आणि वृद्धांना बसायला धड खुर्ची, एवढे त्याच्याकडे मागितलेच पाहिजे.