दात आंबतात तेव्हा



कैरी किंवा चिंच खाल्ली की दात आंबतात. मग भाकरी चावतानासुद्धा झिणझिण्या येतात. उर्दूत 'दाँत खट्टे करना' म्हणजे शत्रूला हरवणे. मराठीत मात्र दात आंबले की हरतो तो खाणारा! असे दात थोड्या वेळाने ठीक होतात. पण काहींना रोजच थंड पाणी, गरम चहा, मिठाई, एवढेच काय, गार वारा लागला तरी कळ येते. अशा दातांना संवेदनशील दात म्हणतात. पुष्कळ घरांत यावर मिसरी लावतात, नाहीतर जाहिरातीतील टूथपेस्ट आणतात. मला हे दोन्ही घाईचे वाटते. कळ का येते, ते आधी पाहायला हवे.

दाताचे वरचे कवच एनॅमलचे असते. शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ, पण त्यात जिवंत पेशी नसतात. मोडलेले हाड सांधते; झिजलेले एनॅमल पुन्हा वाढत नाही. त्याखालच्या थरात हजारो सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. कवच झिजले किंवा हिरडी खाली सरकून मूळ उघडे पडले, की थंड लागताच तो द्रव हलतो आणि आतील मज्जातंतूंना धक्का बसतो. स्वीडनचे मार्टिन ब्रेनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात प्रयोग करून या मताला आधार दिला.

कवच झिजते कशाने? बऱ्याचदा आपल्याच हाताने. भांडी घासावीत तसे काहीजण दात घासतात. जोर लावला म्हणजे दात स्वच्छ होतात, ही समजूत खोटी आहे. मिसवाक वापरणाऱ्यांनीही टोक मऊ झाल्यावरच हलक्या हाताने ती फिरवावी. लिंबू सरबत किंवा शीतपेय प्यायल्यावर लगेच दात घासू नयेत. आंबटाने कवच काही वेळ मऊ झालेले असते. साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास थांबावे.

मिसरीबद्दल मात्र मी स्पष्टच लिहितो. ती भाजलेली तंबाखू आहे. ती लावल्यावर बरे वाटते, म्हणून आई किंवा आजी प्रेमाने मुलांच्याही हातावर चिमूटभर ठेवते. दाताची कळ राहते बाजूला आणि तंबाखूची सवय लागते. मोठ्यांचा मान राखूनही हे नाकारता येते.

आणखी एक फरक ओळखा. संवेदनशील दाताची कळ तीक्ष्ण पण क्षणाची असते. थंड पाणी दूर केले की थांबते. दात बराच वेळ ठणकत राहिला, रात्री झोप मोडली किंवा गाल सुजला, तर दात आतून किडला असण्याची शक्यता असते. तेथे संवेदनशील दातांची पेस्ट लावत बसणे म्हणजे छप्पर गळत असताना फक्त भिंत रंगवणे. ही पेस्ट निरुपयोगी नाही. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, पण किडीवर ती औषध नव्हे.

डॉक्टरांच्या खर्चाची भीती अनेक पालकांना वाटते, आणि ती खोटी नाही. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत. तेथे कमी खर्चात तपासणी होते. दूर राहत असाल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारा. जाताना कोणता दात दुखतो, कशाने दुखतो आणि कळ किती वेळ टिकते, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात.