पुस्तक घडविणाराची मजुरी

पदवी घेतलेल्या मुलानें छापखाना काढावा, स्वतः खिळे जुळवावे आणि पुस्तकाचा आकार, समास, शीर्षकपृष्ठ हें सारें आपल्या बुद्धीनें ठरवून त्यावर पोट भरावें, असें माणिकपुरांतील एखाद्या सुशिक्षित घरांत कोणी बोलून तर पाहावें! ‘एवढें शिकून हें?’ हा प्रश्न आल्यावांचून राहणार नाहीं. तोच मुलगा वसईरोडहून गाडी धरून मुंबईच्या कचेरींत दुसऱ्याच्या कागदांवर शेरे मारूं लागला, म्हणजे मात्र त्याचें बस्तान बसलें असें समजतात. ही समजूत मराठी ग्रंथांस फार भोंवली आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

जावजी दादाजी चौधरी पोरवयांत अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत दरमहा दोन रुपयांवर राबले. त्यांनीं १८६४ सालीं खिळे पाडण्याचा कारखाना आणि १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू ह्या कसबी सोबत्यानें अक्षरांचे ठसे कोरले. त्या खिळ्यांवर छापिलेले संस्कृत ग्रंथ युरोपांतील पंडितांच्या मेजांवर जाऊन बसले. इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक विल्यम मॉरिसच्या १८९१ च्या केल्म्स्कॉट छापखान्याचें तोंडभर कौतुक करितात, त्यांस जावजींचें नांव सहसा आठवत नाहीं. मॉरिस घरचा श्रीमंत होता. जावजींस तो आधार नव्हता. त्यांच्या छापखान्यांतून ‘काव्यमाला’ निघे, तसें सालोसालचें पंचांगही निघे. त्यांच्या आधीं गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं छापलें तेंही पंचांगच. जुनें ट्रेडल यंत्र घेऊन केवळ प्रदर्शनापुरतीं नाजूक कार्डें छापणाऱ्या आणि लग्नपत्रिकेचें काम आलें कीं नाक मुरडणाऱ्या हौशी तरुणांनीं हें ध्यानांत घ्यावें. असली ऐट धंद्यास परवडत नाहीं.

देवनागरींत काना-मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरें मिळून खिळ्यांचे शेंकडों प्रकार जुळाऱ्याच्या हाताशीं लागत. फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं राचोलास छापलें गेलें तें रोमन अक्षरांत. मराठी लिपीचे खिळे तेथें नव्हते. ही अडचण संगणकानें आज दूर केली, आणि जुने खिळे पुष्कळ ठिकाणीं वजनावर भंगारांत गेले. पण वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीस भिडूं नये म्हणून अंतर किती ठेवावें, समास किती सोडावा, हें यंत्र आपण होऊन सांगत नाहीं. त्यासाठीं डोळा तयार व्हावा लागतो. आणि खिळे हातांत घेतलेल्या माणसाचा तो लवकर तयार होतो.

ह्या डोळ्याची मजुरी कोण देतो? लेखक कागदाचे पैसे देतो, बांधणीचे देतो, प्रकाशनसमारंभाच्या शाली-श्रीफळांसही त्याचा हात आखडत नाहीं. मांडणीचें मात्र ‘तेवढें जरा बघून घ्या’ एवढ्यावर भागवूं पाहतो. मुखपृष्ठाच्या चित्रकाराचें नांव छापतात. आंतलीं तीनशें पृष्ठें ज्यानें वाचनीय केलीं त्याचें बहुधा कोठेंच नसतें. स्वतंत्र मुद्रकानें मांडणीचा आकार दरपत्रकांत कागदाहून वेगळा लिहावा, आणि तो देण्यास नाखूष असणारास नम्रपणें वाट दाखवावी. माणिकपूरकरांनींही पुढची लग्नपत्रिका, सणाची पुस्तिका किंवा शाळेचा वार्षिक अंक काढतांना, सर्वांत स्वस्त कोण हें विचारण्याआधीं असल्या एखाद्या मुलाकडून दोन नमुने मागवून पाहावे. घासाघीस करावयाचीच झाल्यास ती कागदाच्या किंमतीवर करावी, त्याच्या मजुरीवर नको.