पाहुणा समुद्राकडून येतो तेव्हा

जानेवारीत बंगालच्या उपसागरावर ईशान्येचा वारा नेमाने वाहत असतो. त्या वाऱ्यावर थायलंडच्या फुकेतहून शिडाच्या लहान बोटी श्रीलंकेच्या दिशेने निघतात. दहा-बारा मीटरची बोट आणि तिच्यावर दोनच माणसे. पुष्कळदा निवृत्त झालेले नवरा-बायको. अंतर सुमारे 1,100 सागरी मैल, म्हणजे आठ-दहा दिवसांचा प्रवास. एक झोपला की दुसऱ्याने सुकाणूपाशी जागायचे. अशा जागरणांनंतर गॉलचा दीपस्तंभ दिसतो, तेव्हा त्या दोघांना काय वाटत असेल, हे किनाऱ्यावरून गड पाहणाऱ्याला कळणे अवघड आहे.

नौदलाची तपासणी आणि एजंटाचे कागद आटोपले की मुक्काम सुरू होतो. गोडे पाणी, डिझेल, ताजी भाजी, फाटलेल्या शिडाला टाके, आणि मग रिक्षाने किल्ल्यात फेरफटका. 1588 मध्ये पोर्तुगीजांनी येथे तटबंदी घातली, 1640 मध्ये डचांनी गॉल जिंकून ती वाढवली आणि 1796 मध्ये ते इंग्रजांकडे गेले. पुढे कोलंबोला धक्के बांधले गेले, आगबोटी तिकडे वळल्या आणि गॉलचा व्यापार ओसरला. त्या ओसरण्यानेच जुने गाव वाचले. 1988 मध्ये ते जागतिक वारसा ठरले. 2004 च्या त्सुनामीत बाहेरचे शहर उद्ध्वस्त झाले, तरी तटाने आतली वस्ती बरीचशी सांभाळली.

पण गॉलची खरी ओळख एका शिळेत आहे. चिनी दर्यासारंग झेंग हे याच्या 1409 च्या या शिलालेखात चिनी, तमिळ आणि फारसी अशा तीन भाषा आहेत. एकीत बुद्धाला, दुसरीत विष्णुरूप देवाला, तिसरीत अल्लाला नजराणा. बंदर कोणाकोणाचे असते, हे याहून नेमके कोण सांगेल? ही शिळा 1911 मध्ये सापडली ती एका मोरीवरचे झाकण म्हणून! आणि ज्याने ती आणली, त्यानेच 1411 मध्ये येथल्या राजाला कैद करून चीनला नेले. समुद्राकडून येणारा प्रत्येक जण पाहुणाच असतो, असे नाही.

ही शंका आपल्याला परकी नाही. 2008 मध्ये मुंबईवर चालून आलेले मारेकरी समुद्रातूनच आले. तेव्हा तपासणी नको, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की, तपासणी करून दार उघडायचे, की दारच विसरून जायचे? गॉलहून पुढे काही बोटी मालदीवकडे जातात, काही कोचीला येतात. कोकणच्या खाड्यांत मात्र त्या क्वचितच दिसतात. 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे समुद्राच्या अंगाचे आहेत. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे आरमाराची गोदी होती. आज आपण तेथे एस.टी.ने किंवा मोटारीने जातो, फोटो काढतो आणि मासे खाऊन परततो. जलदुर्गाकडे पाण्यावरून येणारा माणूस आपल्या हिशेबातच नाही.

फार काही लागत नाही. नांगर टाकायला राखीव जागा, गोड्या पाण्याचा नळ, शिवणकाम जाणणारा कारागीर, आणि एकाच ठिकाणी, एकदाच, नीट होणारी तपासणी. गावातल्या पोरांना त्यातून काम मिळेल. त्याहून मोठे म्हणजे, समोरच्या पाण्यातून जगाकडे वाट जाते, हे त्यांना डोळ्यांनी दिसेल. जुन्या भिंती जपणे हे पुराणवस्तू खात्याचे काम झाले. बंदर जिवंत ठेवायचे, तर दमून आलेल्या दोन माणसांना रात्रभर निर्धास्त झोपता येईल, एवढे निवांत पाणी आधी द्यावे लागते.