मागच्या दारानं आत या

‘हे गाव सातारा जिल्ह्यातील एक गाव आहे.’ माझ्या गावाबद्दल मराठी विकिपीडियावर एवढं एकच वाक्य होतं. मी स्क्रीनशॉट काढला आणि कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. मग बाकीच्यांनी आपापल्या गावांची पानं शोधून टाकली. दहा मिनिटांत निकाल लागला: मराठी विकिपीडिया म्हणजे कचरा. ग्रुपमध्ये आम्ही बेचाळीस जण. ‘संपादन’ हे बटण कधी दाबून पाहिलेला त्यात एकही नव्हता. मीही नाही.

हे लिहितोय ते त्या बेचाळीस जणांविरुद्ध. त्यात मीही आलो.

आपल्याला फीड वाचायची सवय लागली आहे. कुणीतरी वाढायचं, आपण नावं ठेवायची. विकी ही त्या जातीची गोष्टच नाही. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरनं १९९५ साली पहिलं विकी सुरू केलं, तेव्हा हवाई बेटांवरच्या भाषेतला ‘विकी’ म्हणजे ‘झटपट’ हा शब्द उचलला. होनोलुलूच्या विमानतळावर त्या नावाची बस धावायची, ती त्याच्या लक्षात होती. वाचणाऱ्यानंच झटपट दुरुस्त करावं, एवढीच ती कल्पना. विकिपीडिया २००१चा, मराठी विकिपीडिया २००३चा. म्हणजे तुमच्यापैकी अनेकांच्या वयाचाच आहे तो. इतकी वर्षं आपण त्याच्या ओसरीवर बसून घरात काही नाही म्हणून ओरडतोय.

नवख्याला सगळे सांगतात, आधी नियम वाच, मदतपानं वाच. माझं म्हणणं उलट आहे. नियमांची पानं पहिल्या दिवशी उघडलीत तर दुसरा दिवस उगवणार नाही. आधी ‘इतिहास’ उघडा. मोबाईलवर लेखाच्या पार तळाशी, शेवटचा बदल कधी झाला ते सांगणारी एक ओळ असते. तिच्यावर बोट ठेवा. (ती इतकी खाली का लपवली आहे, हा माझा तिथल्या रचनाकारांशी वेगळा वाद आहे.) कुणी, कधी, किती मजकूर वाढवला किंवा कापला, सगळं तारीखवार दिसतं. दोन आवृत्त्या शेजारी ठेवता येतात. आपल्या गावाचं ते केविलवाणं वाक्यसुद्धा कुणीतरी एका रात्री बसून लिहिलेलं असतं, आणि तो माणूस बहुधा आपल्या गावचा नसतो. मला तिथे पहिल्यांदा लाज वाटली.

मग ‘चर्चा’. प्रत्येक लेखामागे एक चर्चापान असतं, आणि खरा माल तिथे. आडनाव कसं लिहायचं, एखादी तारीख कुठून आली, यावर माणसं तिथे भांडतात आणि कारणं देतात. कॉमेंट बॉक्समध्ये मला हे क्वचितच दिसलंय.

‘तिथले शब्द फार जड आहेत बाबा,’ असं एक मैत्रीण म्हणाली. साफ चूक. सगळ्यांनी मिळून बोलायच्या जागेला तिथे ‘चावडी’ म्हणतात. यंत्रानं कामं करणाऱ्या बॉटला ‘सांगकाम्या’. सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’, म्हणजे पूर्वी मुलं जिच्यावर धूळ पसरून अक्षरं गिरवायची ती. सँडबॉक्सपेक्षा हे कळायला अवघड आहे? वाळूच्या खोक्यात आपल्यापैकी कोण खेळलंय?

माझी स्वतःची सुरुवात मात्र फजितीची. जत्रेवरचा वर्तमानपत्रातला एक आख्खा लेख मी जसाच्या तसा चिकटवला. दुसऱ्या दिवशी तो गायब. मी चिडलो, तिथे कंपूशाही आहे असं ग्रुपवर लिहिलं, सगळ्यांनी अंगठे दिले. नंतर इतिहास पाहिला तर कारण दिलेलं होतं: प्रताधिकार भंग. बरोबरच होतं ते. मजकूर दुसऱ्याचा होता, मी चोरला होता.

नवख्यांची भीती वेगळीच असते: माझ्या हातून काही बिघडलं तर? बिघडत नाही. जुनी प्रत तिथेच राहते, कुणीही ती परत आणू शकतं. उलट भीती वाटायला हवी ती आपल्या गप्प बसण्याची. गावाचं नाव मोबाईलवर शोधणाऱ्या पोराला आज जे मिळतं, ते आपण न लिहिलेलंच मिळतं.

एका बाबतीत मात्र माझं विकीशी अजून पटलेलं नाही. तिथे प्रकाशित संदर्भ लागतो. साताऱ्याचं १८८५ सालचं इंग्रजी गॅझेटिअर चालतं, माझी आजी चालत नाही. साहेबाला कुणीतरी सांगितलं म्हणूनच त्यानं लिहिलं ना? तरी नियम मला कळतो. आजी चालली तर उद्या प्रत्येक पुढाऱ्याची आजी चालेल. पण मग गावाबद्दल छापील काही असावं ही जबाबदारी आपल्यावर येते, आणि ती विकीवर ढकलून चालणार नाही. तोवर फोटो काढा. स्वतः काढलेला वेशीचा, बारवेचा फोटो विकिमीडिया कॉमन्सवर टाकायला आजीचा संदर्भ लागत नाही.

आता आमच्या पानावर सहा वाक्यं आहेत. त्यातली चार माझी. रात्री दोन वाजता कुणा अनोळखी माणसानं माझे तीन ऱ्हस्व-दीर्घ सुधारून ठेवले, एका शब्दाचीही कुरकुर न करता. ग्रुपवर मी दुवा टाकला, पण या वेळी अंगठे आले नाहीत.

चर्चापानावर मी एक प्रश्न विचारून ठेवलाय: गावचा आठवडे बाजार मंगळवारचा शुक्रवारी कधी गेला? याचा छापील पुरावा कुणाकडे आहे का? अजून उत्तर आलेलं नाही.