विश्लेषण : घरातली साखर लॉनवर टाकली तर गवत हिरवंगार होतं का?

साखर कारखान्यांच्या सभासदांना सवलतीच्या दरात साखर मिळते. त्यामुळे कोल्हापूर जिल्ह्यात अनेक घरांत साखरेचा साठा असतोच. पावसाळ्यात तिला पाणी सुटलं, गुठळ्या झाल्या की ‘लॉनवर टाका, गवत तरारतं’ असा सल्ला मिळतो. त्यात तथ्य किती?

गवताला साखर लागते का?

लागते, पण ती गवत स्वतःच पानात तयार करतं. ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याला पुरतो. घरच्या साखरेत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढंच असतं. गवत हिरवं ठेवणारं नत्र त्यात नाही. स्फुरद, पालाशही नाही.

मग टाकलेली साखर जाते कुठे?

मातीतले जिवाणू ती खातात आणि झपाट्याने वाढतात. वाढीसाठी लागणारं नत्र ते मातीतूनच उचलतात. ढोबळ हिशेब करून पाहिला. किलोभर साखरेत सुमारे ४२० ग्रॅम कार्बन असतो. त्यातला ४० टक्के जिवाणूंच्या शरीरात गेला आणि ८ भाग कार्बनामागे १ भाग नत्र धरलं, तर सुमारे २० ग्रॅम नत्र अडकतं. म्हणजे जवळपास ४५ ग्रॅम युरियाइतकं! जिवाणू मेले की यातलं बरंचसं नत्र मातीत परत येतं, पण तोवर गवत पिवळं पडू शकतं. अमेरिकेतील गवताळ प्रदेशांत तर तण रोखण्यासाठी अभ्यासकांनी मुद्दाम साखर टाकून पाहिली आहे. निष्कर्ष संमिश्र आले. मुंग्यांचा त्रास वेगळाच.

पण जीवामृतात गूळ असतो ना?

असतो. २०० लिटर पाण्यात साधारण १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती. यातला गूळ पिकासाठी नसतो, जिवाणूंसाठी असतो. शेण, गोमूत्र आणि बेसन यांतून नत्र मिळतं. त्यातला फक्त गोडवा उचलून लॉनवर ओतला तर जीवामृत होत नाही.

खराब साखरेचं काय करायचं?

शेण आणि ओल्या कचऱ्यासोबत कंपोस्टच्या खड्ड्यात थोडी थोडी टाकावी. लॉनला कारखान्याचंच काही द्यायचं असेल, तर प्रेसमड आहे. टनभर ऊस गाळला की ३० ते ४० किलो निघतो, त्यात नत्र आणि स्फुरद दोन्ही असतात. मात्र पूर्ण कुजवलेलाच वापरावा. ताजा प्रेसमड कुजताना तापतो आणि मुळं भाजतात.