आधी खांब, मग नाव

मराठीच्या अध्यापकाला एक जोडधंदा असतो. लग्नपत्रिका, मानपत्रे, दुखवट्याचे ठराव, गणेश मंडळाचे अहवाल, ज्याला म्हणून चार ओळी शुद्ध लिहून हव्या असतात तो आमच्या दारात येतो. मोबदला म्हणजे चहा. तोही पुष्कळदा आमच्याच घरचा. त्यामुळे नवरात्राच्या सुमारास माझा एक विद्यार्थी एका हातात पावतीपुस्तक आणि दुसऱ्या हातात कागदाची घडी घेऊन आला, तेव्हा मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते कागद उलगडल्यावर.

पोरगा पवनेकाठच्या एका खेड्यातला. गावाला गायरानाचा एक तुकडा आहे. पिढ्यान् पिढ्या पोरे तिथे खेळत आली आहेत. पावसाळ्याचे चार महिने तिथे म्हशी बसतात, उरलेले आठ महिने टेनिसच्या चेंडूचे क्रिकेट चालते. ते मैदान सपाट करावे, मुरूम टाकून रोलर फिरवावा, वडाच्या बाजूला बसायला दगडी पायऱ्या कराव्यात, असे पोरांनी मनावर घेतले. ग्रामपंचायतीने होकार दिला. पैसे मात्र तुमचे तुम्ही बघा म्हणाली. खर्चाचा अंदाज सहा लाखांचा. अक्षय्य तृतीयेपासून पावत्या फाडल्या त्या एक्कावन्नच्या, एकशेएकच्या. जमले चौऱ्याऐंशी हजार.

आणि आता देवासारखा एक माणूस आला होता. पुण्याकडचा, प्लॉट विकणारा. सगळे सहा लाख मी देतो म्हणाला. तीन हप्त्यांत. अट एकच : मैदानाला त्याच्या कंपनीचे नाव द्यायचे आणि रस्त्यालगत मोठी कमान उभारायची. कमान मात्र दिवाळीच्या आत हवी, कारण पाडव्याला प्लॉटचे बुकिंग सुरू होते. कमानीवरचा मजकूर मी लिहून द्यावा, एवढ्यासाठी स्वारी आली होती.

"मग अडलंय कुठं?" मी विचारले.

"आजोबा अडलेत, सर. त्यांनी एक हजार एकची पावती फाडली होती. आता म्हणतात, त्याचं नाव लागणार असेल तर माझे पैसे परत करा."

"आणि तू काय म्हणतोस?"

"फुकटात मैदान मिळतंय, सर. नाही कसं म्हणायचं?"

प्रश्न खरोखरच अवघड होता. मी चहा टाकायला सांगितला आणि त्याला विचारले, "अरे, गहुंजे तुमच्यापासून किती लांब?"

गहुंजे आम्हां मावळकरांच्या उंबऱ्यावरचे. मुंबईहून द्रुतगती महामार्गाने पुण्याकडे येताना, पुणे जवळ आले असे वाटू लागते न लागते तोच ते भले मोठे क्रिकेटचे मैदान दिसते. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे. त्याची कूळकथा गमतीची आहे. पूर्वी पुण्यातले मोठे सामने नेहरू स्टेडियमवर होत. १९९६ च्या विश्वचषकात केनियाच्या नवख्या पोरांनी वेस्ट इंडीजला लोळवले ते तिथेच. पण ते मैदान महापालिकेचे आणि सामने संघटनेचे. मग पास किती कोणाला, यावरून वाजले आणि संघटनेने स्वतःचे घर बांधायचे ठरवले. मुंबईत याच्याआधी तेच घडले होते. ब्रेबोर्न स्टेडियमवरच्या तिकिटांच्या वाटणीवरून क्लबचे आणि मुंबईच्या संघटनेचे फाटले, आणि हाकेच्या अंतरावर वानखेडे उभे राहिले; १९७५ च्या जानेवारीत तिथे पहिली कसोटीही झाली. आपल्याकडे मैदाने विटांनी आणि सिमेंटने बांधली जातात असा एक गैरसमज आहे. ती बांधली जातात फुकट पासांच्या भांडणातून!

ते असो. गहुंज्याचा आराखडा केला तो इंग्लंडच्या मायकेल हॉपकिन्सच्या मंडळींनी. लॉर्ड्सवरचा माउंड स्टँड त्यांचाच. बसायला सदतीस हजार माणसांची सोय. आता असले काम एक्कावन्नच्या पावत्यांवर होत नाही, हे मलाही कळते. संघटनेने बँकांची कर्जे काढली आणि मैदानाचे नाव विकायला काढले. सहारा समूहाने ते घेतले. आकडा दोनशे कोटींच्या घरातला. १ एप्रिल २०१२ ला शरद पवारांच्या हस्ते उद्घाटन झाले तेव्हा मैदानाचे नाव होते सुब्रत रॉय सहारा स्टेडियम.

नाव झळकले. पैसे मात्र ठरल्याप्रमाणे येईनात. ठरलेल्या रकमेचा मोठा भाग आलाच नाही. २०१३ साली संघटनेने ते नाव उतरवले. नाव उतरवायला शिडी पुरते. कर्ज उतरवायला ती पुरत नाही. पुढे बँकांचे हप्ते थकले, आणि बँकांनी मैदानाचा 'प्रतीकात्मक ताबा' घेतल्याची बातमी आली. गेली वीस वर्षे मी वर्गात प्रतीक म्हणजे काय ते शिकवतो आहे. वहीखात्यांच्या वाङ्मयातही प्रतीके असतात, हे मला त्या दिवशी कळले.

मैदान वाईट आहे असे मात्र कोणी समजू नये. तिथे चांगले क्रिकेट झाले आहे. २०१७ साली ऑस्ट्रेलियाने तीन दिवसांत आपला धुव्वा उडवला, तर २०१९ साली दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कोहलीने नाबाद २५४ केल्या. २०२३ च्या विश्वचषकाचे पाच सामने तिथे झाले. त्यांतला भारताचा एकच, बांगलादेशविरुद्धचा, १९ ऑक्टोबरचा.

"त्या सामन्याला मी होतो, सर," पोरगा म्हणाला.

मी चकित झालो. तिकीट मिळाले कसे, असे विचारणार तोच तो म्हणाला, "खाण्याच्या स्टॉलवर. दिवसाची मजुरी होती."

स्टॉल पायऱ्यांच्या मागे. मैदानाकडे पाठ. गर्दीच्या ओरडण्यावरून चौकार की षटकार, हे ओळखायला तो दुपारपर्यंत शिकला. कोहलीने शेवटी षटकार मारून आपले शतक आणि भारताचा विजय एकदमच पुरा केला. त्या क्षणी हा वाकून पाण्याची रिकामी खोकी मोजत होता. "एवढा आवाज झाला सर, की मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून मोजली." हे तो हसत सांगत होता. मला हसू आले नाही.

पाण्याच्या खोक्यांवरून आठवले. पवनेचे पाणी हा आमच्याकडे सहज बोलण्याचा विषय नाही. ९ ऑगस्ट २०११ ला याच द्रुतगती महामार्गावर बऊरपाशी शेतकरी रस्त्यावर उतरले. धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला न्यायला त्यांचा विरोध होता. पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि तीन माणसे गेली. त्या जलवाहिनीशी मैदानाचा काही संबंध नव्हता. पण आठ महिन्यांच्या आत त्याच रस्त्याच्या कडेला, त्याच नदीच्या खोऱ्यात, हिरव्यागार गवताचे उद्घाटन झाले, हे इथली माणसे विसरत नाहीत. २०१८ साली तर मैदानाला पवनेचे पाणी देण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने बंदी घातली. आणि २०२४ च्या ऑक्टोबरात न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीच्या पहिल्याच दिवशी प्रेक्षकांना प्यायला पाणी मिळेना. संघटनेला जाहीर माफी मागावी लागली. मैदानाचा खर्च बँकेच्या कागदावर मावतो तेवढाच नसतो.

खेळाला पैसा द्यावा की आणखी कशाला, हा पेच आपल्यापुरताच आहे असेही नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या उपनगरांतून रग्बी लीग नावाचा धसमुसळा खेळ फार लोकप्रिय. एकेका उपनगराचा एकेक संघ, आणि त्याचे जुने, पडके, पण जिवाभावाचे मैदान. ही मैदाने नव्याने बांधून देऊ असे तिथल्या राज्य सरकारने कबूल केले होते. २०२२ साली मोठे पूर आले. सरकार म्हणाले, आधी पूरग्रस्तांची घरे, मैदाने मग. खेळाचे कारभारी असे खवळले की आमचा अंतिम सामना दुसऱ्या राज्यात नेऊ म्हणाले. दोन्ही बाजूंचे बोलणे ऐकले की दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. निदान तिथे भांडण उघड्यावर झाले. कोणाचा पैसा, कशासाठी, हे लोकांना कळले. आमच्या पोरांच्या कमानीचा करार झाला होता तो ढाब्यावर, मिसळीच्या साक्षीने.

"म्हणजे नाव देऊच नये?" पोराने मुद्द्याला हात घातला.

इथे मी जरा अडखळलो. कारण नाव देण्याला नाक मुरडावे, तर आमच्या मावळाचीच मान खाली जाईल. एकवीरेला जातो तो प्रत्येक माणूस कार्ल्याच्या चैत्यात डोकावतो. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा नक्षीदार खांब. आत गेल्यावर आपण वर बघतो, त्या लाकडी फासळ्यांच्या छताकडे. बघायचे असते खांबांकडे. त्यांतल्या कित्येकांवर ब्राह्मी अक्षरांत नावे कोरली आहेत. अमक्या गावच्या अमक्याने दिलेला खांब. देणारे कोण? धेनुकाकट नावाच्या गावचे यवन, व्यापारी. दाराचे काम दिले ते सिंहदत्त नावाच्या अत्तरे विकणाऱ्या गंध्याने. बाहेरचा सिंहस्तंभ अग्निमित्रणक नावाच्या महारठीचा. सामी नावाच्या सुताराने दार घडवले. त्याचेही नाव आहे! आणि वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल तर, जंबुद्वीपातले हे सर्वोत्तम शैलगृह आपण पुरे केले, असे छाती फुगवून सांगतो. कंपनीच्या जाहिरातीतसुद्धा याहून मोठी भाषा नसते.

तेव्हा नावाची हौस दोन हजार वर्षांची आहे. पण फरक बघा. तिथे ज्याने खांब दिला त्याचे नाव खांबावर आहे. सबंध लेण्यावर नाही. आणि दगडात कोरलेला खांब हप्त्याने देता येत नाही. खांब उभा आहे म्हणून नाव आहे. भूतपालाची हुंडी वटली नसती तरी गंध्याचे दार आणि यवनांचे खांब जागच्या जागी राहिले असते. गहुंज्याला उलटे झाले. सगळ्या मैदानाचे एकच नाव, एकाच घराचे. ते घर डगमगल्यावर धरायला दुसरा खांब नव्हता. कर्ज काढल्याबद्दल मी संघटनेला दोष देत नाही. एवढे मोठे काम कर्जावाचून कोणाचे झाले आहे? दोष असलाच तर क्रमाचा : नाव आधी चढले, पैसे मागाहून यायचे होते.

पोरगा गप्प बसला होता. मग हळूच म्हणाला, "पण सर, चौऱ्याऐंशी हजारात मैदान होत नाही."

हे त्याचे म्हणणे मला खोडता आले नाही, अजूनही येत नाही. गावाची गरिबी गोड मानून घ्या, असे सांगणाऱ्या शहाण्यांपैकी मी नाही. चौऱ्याऐंशी हजारांत जेसीबीचे चार दिवस आणि थोडा मुरूम एवढेच येईल. पायऱ्या राहतील. प्लॉटवाला कदाचित अगदी सचोटीचा असेल, हप्ते तारखेला देईल. मग माझ्या उपदेशाने पोरांचे मैदान गेले, असे आयुष्यभर ऐकावे लागेल.

शेवटी आम्ही दोघांनी मिळून मजकूर लिहिला, पण कमानीचा नव्हे, पत्राचा. त्या गृहस्थांना लिहिले की, आपल्या औदार्याबद्दल गाव ऋणी आहे. मैदानाला गावाचेच नाव राहील. पायऱ्यांचा सगळा खर्च आपण द्यावा. शेवटची पायरी बसेल त्या दिवशी आपले नाव दगडात कोरून तिथे लावू, आणि ज्यांनी एकशेएक दिले त्यांची नावे शेजारच्या दगडावर असतील. पोराने पत्र दोनदा वाचले. 'औदार्य' शब्द काढून 'मदत' घातला. आजोबांना कळले पाहिजे, म्हणाला.

उत्तर कळवायला तो परवा आला होता. गृहस्थ म्हणाले, विचार करून सांगतो. दिवाळीनंतर. कमान दुसऱ्या एका गावच्या हद्दीत उभी राहिलीसुद्धा! जेसीबीवाल्याने मात्र पाडव्यानंतरचे चार दिवस उधारीवर द्यायचे कबूल केले आहे.

जाता जाता त्याने पावतीपुस्तक पुढे केले. मी पाचशे एक दिले. त्याने घोटीव अक्षरांत पावती लिहिली. 'प्राध्यापक'मधला 'ध्या' कसा लिहायचा या विचारात क्षणभर पेन उचलून धरले आणि मग सरळ 'सर' लिहून मोकळा झाला.